नव्या संगणक मासिकासाठी लेखक कसे मिळवावेत

पहिला अंक संपादकाच्या हौसेवर निघतो. दुसऱ्याला मित्र धावून येतात. खरी पंचाईत होते ती तिसऱ्याच्या वेळी. ओळखीतले सगळे लिहून मोकळे झालेले असतात, छपाईची तारीख तोंडावर आलेली असते आणि हातात असतो अर्धा लेख, तोही संपादकानेच टोपणनावाने लिहिलेला. वाचकांअभावी मासिक बंद पडायला वेळ लागतो, मजकुराअभावी ते लगेच पडतं.

यावर पटकन सुचणारा उपाय म्हणजे ‘लेखक हवेत’ असं आवाहन. ते जरूर करा, पण त्यावर विसंबू नका. अशा आवाहनाला उत्तर देणाऱ्यांत दोन प्रकारची माणसं जास्त असतात. काहींना लिहायची हौस असते पण विषय नसतो, तर काहींना लेखाच्या आडून काहीतरी विकायचं असतं. तुम्हाला हवा असलेला माणूस त्या वेळी जुन्या प्रिंटरच्या मोटरी काढून चित्रं रेखाटणारं यंत्र जुळवत बसलेला असतो, आणि आपल्याकडे छापण्याजोगं काही आहे हे त्याच्या गावीही नसतं. त्याच्याकडे आपण जावं लागतं आणि जाताना ‘काहीतरी लिहा’ असं न म्हणता नेमका लेख मागावा लागतो.

१. आधी स्वतः दोन पानी टिपण लिहा

लेखकाचे पहिले प्रश्न ठरलेले असतात. किती लिहायचं, कुणासाठी, कधीपर्यंत, पैसे मिळणार का आणि छापून आल्यावर लेख कुणाच्या मालकीचा? या पाचांची उत्तरं तयार नसतील तर अजून कुणाला विचारू नका.

लांबी आकड्यात सांगा. छोटी युक्ती २०० शब्दांची, एका पानाचा लेख साधारण ५०० शब्द आणि एक आकृती, बांधणीचा मोठा लेख १५०० ते २००० शब्द, असं काहीही चालेल. पण ठरलेलं हवं. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘पेज्ड आउट’ या विनामूल्य नियतकालिकाने तर एक लेख म्हणजे एकच पान, असा नियमच केला. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. दोन हजार शब्दांना बिचकणारा माणूस एका पानाला सहसा नाही म्हणत नाही.

वाचक कोण, तेही स्पष्ट लिहा. ‘सर्वांसाठी’ या शब्दाचा लेखकाला काडीचा उपयोग नाही. ‘वाचकाला लूप आणि फंक्शन कळतं, सोल्डरिंग आयर्न मात्र त्याने हातात धरलेलं नसेल’ असं म्हटलं की काय समजावायचं आणि काय सोडायचं ते त्याला आपोआप कळतं.

मानधन देता येत नसेल तर पहिल्याच पत्रात तसं सांगा. लोक फुकट लिहितात, पण ही गोष्ट शेवटी कळली की दुखावतात. हक्कांबाबत माझं मत साधं आहे: लेखाचा हक्क लेखकाकडे राहू द्यावा, मासिकाने प्रथम प्रकाशनाची आणि जुने अंक उपलब्ध ठेवण्याची परवानगी तेवढी घ्यावी. कोडचं मात्र वेगळं बघा. वाचक तो उतरवून घेणार, बदलणार, स्वतःच्या प्रकल्पात वापरणार. म्हणून एमआयटीसारख्या मोकळ्या परवान्याखाली कोड द्यायला लेखकाची लेखी संमती घेऊन ठेवा.

२. करणाऱ्यांच्या मागावर राहा

जानेवारी १९७५ च्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’च्या मुखपृष्ठावर आल्टेअर ८८०० हा संगणक झळकला. आतला लेख लिहिला होता तो यंत्र बनवणाऱ्या एड रॉबर्ट्स आणि विल्यम येट्स यांनीच. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘बाइट’ हे संगणक मासिक निघालं, तेव्हा संपादक म्हणून आला कार्ल हेल्मर्स, जो आधीपासून घरगुती संगणकावर स्वतःचं छोटं पत्रक काढत होता. अशी स्वयंभू माणसं आजही असतात, फक्त ती लेखकांच्या यादीत सापडत नाहीत.

मोकळ्या कोडच्या भांडारांत शोधायचं असेल तर प्रकल्पाला लोकांच्या पसंतीचे किती तारे मिळाले ते बघू नका, त्याची रीडमी, म्हणजे प्रकल्पाची ओळख करून देणारी फाइल वाचा. नुसत्या ‘असं इन्स्टॉल करा’ अशा चार ओळी असतील तर पुढे सरका. पण ‘आधी हा मार्ग घेतला, तो या कारणाने फसला, म्हणून असं केलं’ असं कुणी लिहिलं असेल तर तो लेखक झालेलाच आहे. एखाद्या किचकट दोषाचा आठवडाभर माग काढून त्याची नोंद करणारेही असेच. त्यांच्या नोंदीत लेखाचा अर्धा मसुदा तयार असतो.

छांदिष्टांच्या मंडळांत आणि प्रदर्शनांत सगळ्यात झगमगत्या टेबलापाशी गर्दी जमते. तिथे जरूर डोकवा, पण जो माणूस तोच प्रश्न दहाव्यांदा विचारल्यावरही तितक्याच उत्साहाने वायर दाखवून समजावतो आहे, त्याचा पत्ता आधी घ्या. जुनी यंत्रं दुरुस्त करणारे, हौशी रेडिओवाले, शाळेत मुलांकडून रोबो बनवून घेणारे शिक्षक, स्वतःचा कीबोर्ड बांधणारे, पिक्सेल चित्रकार हे सगळे संगणक मासिकाचे लेखक आहेत. प्रोग्रॅमरांवरच भिस्त ठेवली तर अंकाला एकाच चवीचा कंटाळा येतो.

नवं यंत्र बाजारात आलं की त्याच्या पहिल्या खरेदीदारांकडे लक्ष ठेवा. रास्पबेरी पाय हा छोटा, स्वस्त संगणक २०१२ च्या फेब्रुवारीअखेर आला आणि मे महिन्यात त्याच्या चाहत्यांनी ‘मॅगपाय’ मासिकाचा पहिला अंक काढलाही. अशा वेळी सगळेच कुठे ना कुठे अडकलेले असतात. ज्याची गाडी सर्वांत आधी सुटते त्याच्याकडे लेख असतो.

३. पत्रात नेमका लेख मागा

‘आमच्या मासिकासाठी काहीतरी लिहा ना’ या विनंतीला ‘हो, नक्की’ असं उत्तर येतं आणि पुढे काहीच येत नाही. पत्र साधारण असं असावं:

‘नमस्कार. जुन्या फ्लॉपी वाचण्याचा तुमचा प्रकल्प पाहिला. ड्राइव्हकडून येणारे सिग्नल मायक्रोकंट्रोलरने जसेच्या तसे टिपायचे आणि त्यांचा अर्थ नंतर सॉफ्टवेअरने लावायचा, ही पद्धत आवडली. खराब झालेल्या डिस्कवरचा एकच ट्रॅक तुम्ही पुन्हा पुन्हा वाचून त्यातून बरोबर मजकूर जुळवलात, तो भाग तर फारच.

संगणकाच्या छंदावर आम्ही मासिक सुरू करत आहोत. त्यात एवढ्या एकाच भागावर लिहाल का? साधारण ९०० शब्द, दोन आकृत्या. वाचकाला प्रोग्रॅमिंग येतं, पण फ्लॉपीवर माहिती कशी साठवतात ते माहीत नाही, असं धरून चाला. भाषेची काळजी करू नका, ती आम्ही नीट करू आणि छापण्याआधी तुम्हाला दाखवू. मानधन देता येणार नाही. अंकाच्या पाच प्रती पाठवू. लेखाचे हक्क तुमचेच.

जमणार असेल तर आधी पाच ओळींचा आराखडा तेवढा पाठवा. नसेल जमत तर तसं कळवा, राग नाही.’

यातली महत्त्वाची ओळ आहे ‘एवढ्या एकाच भागावर’. प्रकल्प करणाऱ्याला आपला सगळा प्रकल्प सांगावासा वाटतो, त्याचा पसारा बघून तोच घाबरतो आणि लिहायचं राहून जातं. विषय कापून देणं हे तुमचं काम. पाच ओळींचा आराखडाही त्यासाठीच; तो पाठवला की माणूस मनाने लेखाला बांधला जातो. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा. त्यानंतर पिच्छा पुरवू नका, पुढच्या वर्षी पुन्हा विचारता येतं.

४. लहान दरवाजे उघडे ठेवा

प्रत्येकाला लेख झेपत नाही. अशांसाठी २०० शब्दांची युक्ती, एका बोर्डाचा फोटो आणि चार ओळी, मागच्या अंकातल्या कोडमध्ये केलेली सुधारणा, असली सदरं ठेवा. आज युक्ती पाठवणाऱ्याला तिसऱ्या खेपेला लेख मागता येतो.

याहूनही चांगली गोष्ट म्हणजे अर्धवट काम वाचकांसमोर टाकणं. १९७५ मध्ये ‘पीपल्स कॉम्प्युटर कंपनी’च्या पत्रकात डेनिस ॲलिसन यांनी टायनी बेसिकचा आराखडा छापला. जेमतेम काही किलोबाइट मेमरीच्या यंत्रांत मावेल अशी ही प्रोग्रॅमिंगची छोटी भाषा होती आणि ती तयार करण्याचं काम वाचकांवर सोडलं होतं. डिक व्हिपल आणि जॉन आर्नल्ड या दोघांनी आपली चालती आवृत्ती पाठवली, मग इतरांच्याही येऊ लागल्या. हा मजकूर छापायला १९७६ च्या जानेवारीत मोजक्या अंकांपुरतं म्हणून वेगळं पत्रक काढलं गेलं. तेच पुढे अनेक दशकं चाललेलं ‘डॉक्टर डॉब्स जर्नल’. आव्हान मात्र खरं हवं. उत्तर आधीच ठाऊक असलेली कोडी घातली की लोक कोडी सोडवतात, लेख पाठवत नाहीत.

काही जणांना बोलता छान येतं, लिहायला बसवलं की हात आखडतो. त्यांच्याशी पाऊण तास बोला, परवानगी घेऊन रेकॉर्ड करा, लेख तुम्ही लिहा आणि त्यांना वाचायला द्या. नाव त्यांचं, ‘शब्दांकन’ म्हणून तुमचं.

५. आलेल्या मजकुरावर राबा

नवा लेखक टिकतो की जातो ते इथे ठरतं. लेख मिळाल्याची पोच त्याच दिवशी द्या, मत आठवड्यात कळवा. आणि भाषा सुधारण्याआधी प्रश्न विचारा. समजा, कुणी लिहिलं आहे: ‘सेन्सरकडून प्राप्त झालेल्या डेटावर योग्य ती प्रक्रिया करून तो डिस्प्लेवर प्रदर्शित केला जातो.’ लाल पेनाने हे वाक्य सुधरणार नाही. ‘योग्य ती प्रक्रिया म्हणजे काय करता?’ एवढंच विचारा. उत्तर असं येऊ शकेल: ‘डीएस१८बी२० हा तापमान मोजणारा सेन्सर चालू केल्या केल्या ८५ अंश दाखवतो. ते तापमान नसतं, त्याची सुरुवातीची ठरलेली किंमत असते. मोजमाप पुरं व्हायच्या आत वाचलं तर तेच हाती येतं. बारा बिटांच्या अचूकतेला ७५० मिलिसेकंद लागू शकतात, म्हणून मी तेवढा थांबतो.’ हेच छापा. थंड खोलीत ८५ अंश बघून डोकं धरून बसलेला वाचक तुम्हाला दुवा देईल.

कोड दुसऱ्या यंत्रावर, नव्याने बसवलेल्या प्रणालीवर चालवून पाहिल्याशिवाय छापू नका. मासिकातला प्रोग्रॅम वाचक हाताने टाइप करत तेव्हा एका चुकलेल्या आकड्यापायी अख्खी संध्याकाळ जाई, ‘कम्प्यूट!’ या मासिकाने १९८३ पासून प्रत्येक ओळीपुढे पडताळणीचा आकडा छापायला सुरुवात केली ती यासाठीच. आज टाइप कुणी करत नाही, पण लायब्ररीची आवृत्ती बदलली की फजिती तीच. तेव्हा आवृत्त्या लेखातच लिहा. तपासणी करणाऱ्यांचीही वेगळी यादी ठेवा आणि त्यांचं नाव अंकात छापा. त्यांच्यातले काही हळूच लिहायला लागतात.

यंत्राकडून लिहून घेतलेले गुळगुळीत लेखही येणार. त्यांना ओळखण्यासाठी कुठलं साधन लागत नाही. ‘जोडणीचा फोटो पाठवा आणि आधी काय चुकलं ते सांगा’ असं कळवा. ज्याने खरंच केलं आहे तो तासाभरात तीन फोटो आणि तक्रारींची जंत्री पाठवतो.

६. पुढच्या अंकाची बेगमी

एक साधा तक्ता ठेवा: नाव, विषय, कधी मागितला, आराखडा, मसुदा, कोड तपासला का, चित्रं, संमती. अंक छापायला जाताना पुढच्याचा निम्मा मजकूर हातात असेल अशा बेताने मागत राहा. लेखकाला दिलेली तारीख आणि तुमची खरी तारीख यांत तीन आठवड्यांचं अंतर असू द्या, आणि ही खरी तारीख कुणाला सांगू नका.

दोन-तीन चांगले लेख दिलेल्याला सदर द्या. स्टीव्ह सियार्सिया यांचं ‘सर्किट सेलर’ हे ‘बाइट’मधलं सदर १९७७ मध्ये सुरू झालं आणि वर्षानुवर्षं चाललं. १९८८ मध्ये त्यांनी त्याच नावाने स्वतःचं मासिक काढलं! तो धोका पत्करावा.

अंक निघाला की लेखकाला प्रत पाठवा, आलेल्या प्रतिक्रिया कळवा आणि त्याच पत्रात विचारा: ‘तुमच्या ओळखीत आणखी कोण असले उद्योग करतं?’ एखादं नाव हमखास मिळतं, आणि पुढचं पत्र त्या नावाने सुरू करता येतं.