२ जीबी रॅमचा जुना टॅब रोजच्या वापरात आणायचा असेल तर

कपाटात २०१८-१९ च्या आसपासचा १० इंची टॅब पडून असेल किंवा असा सेकंडहँड घ्यायचा विचार चालू असेल तर हे वाचा. आमच्या घरी सॅमसंगचा गॅलेक्सी टॅब ए १०.१ आहे, २०१९ वाला, आणि बाबा तो आजही रोज वापरतात. एक्झिनॉस ७९०४ प्रोसेसर, २ जीबी रॅम, ३२ जीबी स्टोरेज, ६१५० एमएएच बॅटरी. आला तेव्हा अँड्रॉइड ९ होतं, अपडेट येत येत ११ वर थांबला. कागदावर बघितलं तर आज हे काहीच नाही, पण स्क्रीन बघा, १९२० बाय १२०० आहे. आजचे कित्येक नवे बजेट टॅब १३४० बाय ८०० चीच स्क्रीन देतात, त्यामुळे बारीक अक्षरं वाचायची असतील तर हा जुनाच बरा वाटतो. मला म्हणून असे टॅब भंगारात गेलेले बघवत नाहीत.

पण त्याच्याकडून काय करून घ्यायचं ते आधी ठरवा. माझं स्पष्ट मत आहे की २ जीबी रॅमच्या टॅबला दोनच कामं द्यायची, जास्तीत जास्त तीन. आमच्याकडे पेपर वाचणं, यूट्यूबवर कीर्तनं आणि रविवारी बहिणीशी व्हिडिओ कॉल, बास. निम्मी रॅम सिस्टीमच खाऊन बसते, उरलेल्यात तुम्ही फेसबुक, शॉपिंगची चार ॲप, मुलांचे गेम सगळं कोंबलंत तर तो अडकणारच, आणि मग लोक म्हणतात टॅब खराब झाला.

सेकंडहँड घेणार असाल तर पैसे देण्याआधी अर्धा तास हाताशी ठेवा. पहिलं म्हणजे विकणाऱ्याचं गूगल अकाउंट. अँड्रॉइड ५.१ पासून असं आहे की अकाउंट न काढता रिकव्हरीतून (म्हणजे बंद टॅबची बटणं दाबून उघडणाऱ्या दुरुस्तीच्या मेनूतून) रिसेट मारला तर टॅब चालू झाल्यावर जुन्याच माणसाचा पासवर्ड मागतो आणि तो मिळाला नाही तर तुमच्या हातात नुसती काच. माझ्या ओळखीत एकाने असाच घेतला, विकणाऱ्याने नंतर फोनच उचलला नाही. म्हणून समोर बसवून सेटिंग्जमधून अकाउंट रिमूव्ह करायला लावा, मग सेटिंग्जमधूनच रिसेट करा, आणि आपलं अकाउंट टाकून होम स्क्रीन दिसेपर्यंत तिथून हलू नका.

दुसरं टच. सेटिंग्जमध्ये अबाउट टॅबलेट, त्यात सॉफ्टवेअर इन्फॉर्मेशन, तिथे बिल्ड नंबरवर ७ वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स हा एरवी लपलेला मेनू उघडतो. त्यात पॉइंटर लोकेशन ऑन करा आणि बोटाने स्क्रीनभर जवळजवळ रेघा ओढा, आडव्या, उभ्या, अगदी कडेकडेने. रेघ सलग उमटली तर ठीक, एकाच जागी दर वेळी तुटत असेल तर तिथला टच मेलाय, आणि कीबोर्ड येतो त्या पट्ट्यात असं असेल तर सरळ परत द्या. मग चार्जर लावून पिन हलकेच हलवा, चार्जिंग तुटतंय का बघा. शेवटी टॅब सपाट टेबलावर पालथा-उताणा ठेवून बघा, डुगडुगला किंवा कडेला स्क्रीन उचललेली दिसली तर आत बॅटरी फुगलेली असू शकते. असा फुकट मिळाला तरी घेऊ नका.

अँड्रॉइड १० च्या खालचा टॅब विकत घेऊच नका असं मी सांगेन. क्रोमची १३९ पासूनची व्हर्जन अँड्रॉइड १० च्या खाली येतच नाहीत, आणि ७.१ च्या आधीचं असेल तर बऱ्याच साइट सर्टिफिकेटचा एरर दाखवतात. (तारीख चुकलेली असली तरी तोच एरर येतो, म्हणून आधी घड्याळ बघा, बरेच दिवस डिस्चार्ज पडलेल्या टॅबची तारीख मागे गेलेली असते.) घरात आधीच असा जुना असेल तर मात्र फेकू नका, मेमरी कार्डावर गाणी, व्हिडिओ टाकून व्हीएलसी या फुकट प्लेअर ॲपवर मस्त चालतो, नेटची गरजच नाही.

आता सेटअप. रिसेटनंतर गूगल विचारतं की जुन्या फोनवरची ॲप आणू का, तिथे नाही म्हणा, नाहीतर फोनमधली सगळी वरात इथे येते. प्ले स्टोअरमधून अँड्रॉइड सिस्टीम वेबव्ह्यू (ॲपच्या आत वेबपानं दाखवणारा सिस्टीमचा भाग) आधी अपडेट करा, ॲप आपोआप बंद पडण्यामागे कित्येकदा तेच असतं. ऑटो-अपडेट बंद ठेवा आणि आठवड्यातून एकदा टॅब रिकामा असताना स्वतः अपडेट करा, कारण वाचता वाचता मागे चार अपडेट सुरू झाले की पान पुढे सरकत नाही. न लागणारी कंपनीची ॲप डिसेबल करा. डेव्हलपर ऑप्शन्समध्येच ॲनिमेशनचे तीन स्केल आहेत, ते ०.५ करा, प्रोसेसर काही वेगवान होत नाही पण हाताला फरक लगेच जाणवतो. फेसबुक, पेपर वगैरे ॲपऐवजी क्रोममधून ॲड टू होम स्क्रीन करून ठेवा. व्हॉट्सॲपला वेगळं सिम लागत नाही, फोनमधल्या लिंक्ड डिव्हाइसेसमधून जोडता येतं. बँकेचं ॲप मात्र अजिबात नको, सिक्युरिटी पॅच केव्हाच थांबलेत, पैशांचं काम अपडेट मिळणाऱ्या फोनवरच करा.

मुलांसाठी असेल तर बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवरून पीडीएफमध्ये फुकट मिळतात. ती घरच्या वायफायवर एकदाच उतरवा आणि मेमरी कार्डावर इयत्तेप्रमाणे फोल्डर करून ठेवा. १० इंची स्क्रीनवर अख्खं पान मावतं, फोनवर सारखं झूम करत बसावं लागतं. अभ्यासाच्या वेळी ॲप पिनिंग (एकच ॲप स्क्रीनवर अडकवून ठेवायची सोय) लावा आणि त्यातला बाहेर पडताना पिन मागायचा पर्याय ऑन करा, म्हणजे पिन टाकल्याशिवाय पुस्तकातून बाहेर पडता येत नाही. नेटफ्लिक्ससाठी घेत असाल तर डीआरएम इन्फो नावाचं ॲप टाकून वाइडवाइन (व्हिडिओची कॉपी होऊ नये म्हणूनचं संरक्षण) एल१ पातळीचं आहे का बघा, एल३ असेल तर स्क्रीन कितीही चांगली असो, चित्र एसडीच, म्हणजे कमी स्पष्ट, मिळणार.

बॅटरीकडे लक्ष ठेवा. जुना १ अँपिअरचा चार्जर लावला तर ६१५० एमएएच भरायला ६ तासांच्या आसपास जातात, आणि मग लोक रात्रभर लावून झोपतात. ५ व्होल्ट २ अँपिअरचा चांगला अडॅप्टर आणि जरा जाड केबल घ्या, ८०-८५ टक्क्यांना काढा, २० च्या खाली जाऊ देऊ नका. भिंतीवर लावून फोटोफ्रेम म्हणून चोवीस तास प्लगवर ठेवायची कल्पना छान वाटते पण बॅटरी फुगायची सगळ्यात जास्त भीती तिथेच, तसंच करायचं असेल तर स्वस्तातला टायमर सॉकेट लावा. आणि फुगलीच तर दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जिंगला तर लावायचीच नाही. टॅब बंद करून रिपेअरवाल्याकडे द्या, बॅटरी बदलून मिळत असेल तर बदला, नाहीतर ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या, घंटागाडीत टाकू नका.