आयईएल्टीएस स्पीकिंग: मध्येच तुटणारं वाक्य कसं सांधलं

आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेत, बोलण्याच्या भागात, चूक जाणवली की मी बोलता बोलता मागे फिरायचे: 'ही गो... गोज... वेन्ट'. दोनदा ९ पैकी ५.५ वर अडकले, रडूच कोसळलं. व्याकरणाची पुस्तकं, पाठ केलेली उत्तरं, कशानेच फरक पडला नाही.

पडला तो असा. क्यू कार्ड (बोलायचा विषय लिहिलेलं कार्ड) घेऊन १ मिनिट टिपणं. त्यात क्रियापदं भूतकाळातच लिहायची. मग मोबाइलवर २ मिनिटं रेकॉर्डिंग, चुकलं तरी न थांबता. ऐकताना फक्त काळाच्या चुका उतरवायच्या, बाकीच्या सोडायच्या. ती वाक्यं दुरुस्त करून तीनदा मोठ्याने म्हणायची आणि लगेच तोच विषय पुन्हा २ मिनिटं. पुढच्या आठवड्यात अशाच पद्धतीने 'ही-शी'नंतर क्रियापदाला लागणारा 'एस'. बोलण्याच्या गुणांत ओघ आणि व्याकरण, दोन्हींचं वजन सारखंच, २५-२५ टक्के; म्हणून परीक्षेत अर्थ बदलत असेल तरच चूक सुधारली. तिसऱ्यांदा ७ मिळाले.