गाणाऱ्या पक्ष्यांच्या मेंदूवर काम करायचंय?

एमएस्सीची मुलं विचारतात, सुरुवात कुठून करू? मी सांगते, झेब्रा फिंच या छोट्या गाणाऱ्या पक्ष्याच्या पिंजऱ्यासमोर रोज तासभर बसा. नर एकटा असतानाही गातो. मादी समोर आली की मात्र तो उड्या मारत तिच्याकडे सरकतो आणि तेच गाणं किंचित वेगाने, जास्त नेमकं गातो. दोन्ही गाण्यांचे स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाचे आलेख, शेजारी ठेवले की फरक दिसतो. माझे पहिले कित्येक महिने रेकॉर्डिंगमधल्या सुरांना खुणा करण्यात गेले आणि त्यातूनच मला प्रश्न सापडले.

मग मेंदूकडे वळा. एचव्हीसी या मेंदूतल्या केंद्राकडून आरए हे दुसरं केंद्र, तिथून मेंदूच्या तळाकडच्या चेतापेशी आणि शेवटी सिरिंक्स हा आवाजाचा अवयव, असा गाण्याचा मुख्य मार्ग आहे. ही केंद्रं नरात मादीपेक्षा कितीतरी मोठी असतात, हे नॉटबोम आणि अर्नोल्ड या संशोधकांनी 1976 साली कॅनरी आणि झेब्रा फिंचमध्ये दाखवलं.

पण गावंसं वाटणं आणि चांगलं गाता येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. 2013 साली प्रसिद्ध झालेला कॅनरींवरचा प्रयोग मला या विषयातला सर्वांत सुंदर वाटतो. वृषणं काढलेल्या नरांच्या मेंदूतल्या फक्त मीडियल प्रीऑप्टिक केंद्रात टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक दिलं. हे केंद्र लैंगिक वर्तनाशी जोडलेलं आहे. नर भरपूर गायला लागले, पण गाण्याचा दर्जा सुधारला नाही. दर्जासाठी संप्रेरकाला मेंदूत इतरत्रही पोचावं लागतं.

मादीचं काय? ती निवड करते, तरी तिच्यावर अभ्यास कमी झाला. ब्रेनोविट्झ या संशोधकांनी 1991 साली मादी कॅनरींच्या एचव्हीसीला इजा केली, तेव्हा त्या परक्या जातीच्या गाण्यालाही समागमाची तयारी दाखवू लागल्या. म्हणजे मादीत हे केंद्र आपल्या जातीचं गाणं ओळखायच्या कामी येतं. नव्या मुलामुलींनी इथे शिरावं असं मला मनापासून वाटतं.

पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि संख्याशास्त्र आधीच शिका. प्राणी-नैतिकता समितीच्या परवानगीला लागणारा वेळ वेळापत्रकात धरा. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत आणि मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात या पक्ष्यांवर काम झालेलं आहे. तिथे ईमेल लिहाल तेव्हा मार्कांच्या आधी तुम्ही पक्ष्यांत काय पाहिलंत ते लिहा.