सावरडो वॉफल: वाफ थांबेपर्यंत झाकणाला हात लावू नका

स्टार्टरला, म्हणजे सावरडो पावासाठी आंबवत ठेवलेल्या पीठ-पाण्याला, नवीन पीठ घालताना दर वेळी वाटीभर जुना काढावा लागतो, आणि तो फेकायला हात धजत नाही. त्याचे हे वॉफल. ताजा, फसफसून वर आलेला स्टार्टरच हवा असं कुणी सांगितलं तर सोडून द्या. फ्रिजमध्ये आठवडाभर पडून आंबट झालेला जास्त चांगला, कारण इथे त्याचं काम चव आणि आंबटपणा देण्याचं. फुगवण्याचा मोठा भार सकाळी खायचा सोडा उचलतो. वर साचलेलं करडं पाणी ढवळून आत मिसळा. गुलाबी किंवा नारिंगी छटा, नाहीतर बुरशी दिसली तर मात्र सगळाच फेकायचा. वरचा थर काढून खालचा वापरायची काटकसर नको.

रात्री 200 ग्रॅम स्टार्टर (निम्मं पीठ, निम्मं पाणी असलेला), 200 ग्रॅम मैदा, 350 मिली घट्ट ताक आणि एक मोठा चमचा साखर मोठ्या भांड्यात कालवून झाकून ठेवा. उकाडा असेल तर तासाभराने फ्रिजमध्ये.

सकाळी 2 अंडी, 75 ग्रॅम वितळलेलं लोणी, अर्धा छोटा चमचा मीठ. अंड्याचा पांढरा भाग वेगळा फेटून हलक्या हाताने मिसळा वगैरे मी वर्षभर केलं. फरक कळला नाही, एक भांडं जास्त घासावं लागलं.

सोडा सर्वांत शेवटी, वॉफलचा विजेचा साचा पूर्ण तापल्यावर. पाऊण छोटा चमचा खायचा सोडा थोड्या पाण्यात विरघळवून घाला. कोरडा टाकलात तर गुठळी राहते आणि एखाद्या घासाला साबण लागतो. आंबट पिठाशी त्याची गाठ पडली की लगेच वायू सुटतो, पीठ डोळ्यांदेखत चढतं. आता फोन घेऊ नका. शिवाय सोडा आंबटपणा मारतो, म्हणून रंगही चांगला धरतो. पण ‘अजून थोडा’ घातला की आंबटपणा पार जातो आणि स्टार्टर वापरल्याचा उपयोग राहत नाही.

आता भाजणं. इथे मी कित्येक महिने मार खाल्ला. साच्याचा दिवा हिरवा झाला की झाकण उघडायचं, असं मी धरून चाललो होतो. उघडलं की अर्धा वॉफल वरच्या पत्र्याला, अर्धा खालच्या. मग सुरीने खरवडणं, खरवडताना पत्र्याचा लेप जाणं, लेप गेला म्हणून पुढचा आणखी चिकटणं. शेवटी साच्याला दोष देऊन दुसरा आणला. त्यानेही तेच केलं.

दोष दिव्यावर ठेवलेल्या विश्वासाचा होता. तो दिवा पत्रा किती तापलाय ते सांगतो. आतल्या पिठाचं त्याला काही माहीत नसतं. रात्रभर मुरलेलं हे पीठ चांगलंच ओलसर असतं. आतलं पाणी निघून जायच्या आधी झाकण ओढलं की मधला भाग अजून लगदाच असतो, बाहेरच्या बाजू मात्र पत्र्यांना धरून बसलेल्या. मग फाटणार तो मधूनच. कड सुकून कडक झाली की वॉफल आपणहून सुटतो.

म्हणून वाफेकडे बघा. पीठ ओतल्यावर कडेने वाफेचे लोट निघतात, मग धार बारीक होते, मग जवळजवळ थांबते. तेव्हा उघडायचं, त्याआधी डोकावायचंही नाही. माझ्या साच्यात 5 ते 6 मिनिटं लागतात. पुस्तिकेत 3 लिहिली आहेत. झाकण उचलताना जरा जरी ओढ जाणवली तर हात काढा, आणखी मिनिटभर थांबा. वाफ थांबायच्या आधीच करपत असेल तर आच कमी करा, किंवा तुम्ही साखर जास्त घातली आहे.

चिकटू नये म्हणून डब्यातला तेलाचा फवारा मारू नका. त्यातलं लेसिथिन जळून पत्र्यावर चिकट थर बसतो आणि तोच पुढे वॉफल धरून ठेवतो. ब्रशने तेलाचा हात पुरे.

निघालेले वॉफल ताटात एकावर एक रचलेत तर आतल्या वाफेने पाच मिनिटांत मऊ पडतील. जाळीवर सुटे ठेवा, आणि सगळ्यांनी एकदम बसायचं असेल तर जाळीसकट 100 अंशांच्या ओव्हनमध्ये.

उरलेलं पीठ साठवू नका, सोड्याचा जोर तोवर गेलेला असतो. सगळे वॉफल भाजून टाका, पूर्ण गार करून फ्रीझरमध्ये ठेवा आणि हवे तेव्हा तसेच गोठलेले टोस्टरमध्ये घाला.