प्रोग्रॅमिंग भाषेच्या नव्या आवृत्तीतले बदल कसे लिहावेत

गिट लॉग काढायचा, त्यातल्या ओळी जरा नीटनेटक्या करायच्या, वर ‘नवीन काय’ असं शीर्षक ठोकायचं, झाल्या रिलीज नोट्स. हा सल्ला मी इतक्यांदा ऐकलाय की आता वादही घालत नाही. हल्ली त्यात एक भर पडली आहे: लॉग एआयला द्या आणि सारांश मागा. कमिट लॉग ही रोजकीर्द असते, कोणी कधी काय केलं त्याची. भाषा वापरणाऱ्याला हवी असते खतावणी, म्हणजे आपल्या खात्यावर नेमकं काय पडलं ते. रोजकीर्दीची कितीही साफसफाई केली तरी तिची खतावणी होत नाही.

तुम्हाला गिट येतं, डॉक्युमेंटेशन बिल्ड करता येतं आणि जुनी व नवी अशा दोन्ही आवृत्त्या तुमच्या मशीनवर शेजारी शेजारी आहेत, असं मी धरून चालते. दुसरी आवृत्ती नसेल तर आधी ती टाका, मग पुढे वाचा. उदाहरणं मुख्यतः पायथनची घेतली आहेत, कारण तिथे 2.0 पासून प्रत्येक आवृत्तीला ‘व्हॉट्स न्यू’ हा दस्तऐवज आहे आणि चांगल्यावाईट नोंदी उघड्यावर वाचायला मिळतात.

नोंद बदलाबरोबरच घ्या. पुल रिक्वेस्टमध्ये नोंद नसेल तर ती मर्ज करू नका. पायथनमध्ये पूर्वी सगळ्या नोंदी एकाच फाइलमध्ये जायच्या, त्यामुळे दोन पुल रिक्वेस्ट आल्या की मर्ज कॉन्फ्लिक्ट ठरलेला. 2017 मध्ये प्रकल्प गिटहबवर आला, त्याच सुमारास ‘ब्लर्ब’ हे साधन वापरात आलं. आता प्रत्येक बदलाची छोटी वेगळी फाइल असते आणि रिलीजच्या वेळी त्या सगळ्या एकत्र होतात. तुमची भाषा लहान असली तरी हीच पद्धत ठेवा.

दोन कागद वेगळे ठेवा. चेंजलॉगमध्ये सगळं जातं. ‘व्हॉट्स न्यू’मध्ये फक्त प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला जाणवेल तेवढं. कंपायलरमधलं एखादं फंक्शन दुसऱ्या फाइलमध्ये हलवलं हे तिथे कोणालाही वाचायचं नसतं. उलट काही ओळी किरकोळ दिसतात पण ठेवाव्याच लागतात. पायथन 3.12 मध्ये युनिकोडचा डेटाबेस 15.0 वर गेला, ही तशीच एक ओळ. देवनागरी विस्तारित-अ हा अक्षरगट युनिकोड 15.0 मध्येच आला, म्हणजे जुन्या हस्तलिखितांवर काम करणाऱ्यासाठी अख्ख्या पानात कामाची ओळ कदाचित तेवढीच.

नवी फीचर्स. प्रत्येकी दोन वाक्यं, पाच ओळींचं चालणारं उदाहरण आणि प्रस्तावाचा दुवा. बस. लोक सगळा जीव इथेच ओततात, आणि खरं तर इथेच तुमची गरज सगळ्यात कमी असते. 3.8 मध्ये वॉलरस ऑपरेटर (:=, मूल्य वापरतानाच व्हेरिएबलमध्ये साठवणारा) आला तेव्हा त्यावर लिहिणाऱ्यांची रांग लागली होती. तुम्ही एक शब्द लिहिला नसता तरी तो सगळ्यांना कळलाच असता.

वेग. ‘आता अधिक वेगवान’ असं लिहायचं असेल तर काहीच लिहू नका. 3.11 च्या दस्तऐवजात 3.10 च्या तुलनेत 10 ते 60 टक्के वेग आणि सरासरी 1.25 पट असं दिलं होतं, आणि ती सरासरी पायपरफॉर्मन्स या बेंचमार्क संचावरची आहे हेही सांगितलं होतं. आकडा, कशाशी तुलना, कशावर मोजलं. तिन्ही असतील तरच आकडा छापा.

आता वर्तनबदल. घोडं पेंड खातं ते इथेच. मीही सर्वांत जास्त अडखळले ती याच टप्प्यावर, आणि उरलेल्या सगळ्या विभागांना मिळून जेवढा वेळ लागतो तेवढा मी या एकट्याला देते.

आधी प्रत्येक बदलाला एकच प्रश्न विचारा: जुना प्रोग्रॅम नव्या आवृत्तीवर चालवला तर काय होईल? उत्तरं तीनच. प्रोग्रॅम मोडेल, इशारा देईल किंवा निमूटपणे चालेल पण वेगळं उत्तर देईल.

मोडणारे बदल सोपे. 3.7 मध्ये ‘असिंक’ आणि ‘अवेट’ राखीव शब्द झाले. 3.12 मधून ‘डिस्टयुटिल्स’ गेलं. 3.13 मधून ‘सीजीआय’, ‘टेलनेटलिब’ धरून जुनी 19 मॉड्यूल्स एका झटक्यात काढली. यांच्यावर निबंध नकोत. एरर स्वतःच वापरणाऱ्याला जागं करते, तुम्ही फक्त काय गेलं आणि त्याऐवजी काय वापरायचं ते सांगा. लोक या यादीला घाबरतात म्हणून लिहिणारेही तिच्यावर पानंच्या पानं खर्च करतात. मला ही यादी सगळ्यात निरुपद्रवी वाटते.

भीती तिसऱ्या प्रकाराची. 3.14 मधला एक बदल घ्या, कामं अनेक प्रोसेसमध्ये वाटणाऱ्या ‘मल्टिप्रोसेसिंग’ मॉड्यूलमधला. त्याची नोंद बहुतेक जण अशी लिहितील:

> मल्टिप्रोसेसिंगमध्ये मॅकओएस सोडून इतर युनिक्स प्रणालींवर डीफॉल्ट स्टार्ट मेथड आता फोर्कऐवजी फोर्कसर्व्हर आहे.

यातला शब्दन् शब्द खरा आहे. पण पुण्यातल्या एखाद्या सर्व्हरवर रात्री अहवाल काढणारी स्क्रिप्ट सांभाळणाऱ्याला यातून काय कळलं? ‘स्टार्ट मेथड’ (नवी प्रोसेस सुरू करण्याची पद्धत) हे शब्द त्याच्या कोडमध्ये कुठेच नाहीत. त्याने फक्त ‘पूल’, म्हणजे काम वाटून घेणाऱ्या प्रोसेसचा संच, बनवलाय. तो ही ओळ वाचेल आणि पुढे जाईल.

त्याच्या स्क्रिप्टमध्ये काय घडतं ते बघा. वर एक रिकामी ग्लोबल डिक्शनरी आहे. खाली ‘मेन’च्या अटीखालच्या भागात, म्हणजे फाइल थेट चालवली तरच चालतो त्या भागात, कॉन्फिग फाइल वाचून ती भरली जाते आणि मग पूलमधली फंक्शन्स ती वापरतात. फोर्कमध्ये पालक प्रोसेसच्या मेमरीची प्रत मिळते, त्यामुळे मुलाला भरलेली डिक्शनरी दिसते. फोर्कसर्व्हरमध्ये नवी प्रोसेस ते मॉड्यूल नव्याने इम्पोर्ट करते, अटीखालचा भाग चालतच नाही आणि डिक्शनरी रिकामी राहते. कोडमध्ये डिक्शनरीतून मूल्य काढणाऱ्या ‘गेट’ला डीफॉल्ट मूल्य दिलेलं असेल तर एररसुद्धा येणार नाही. अहवाल वेळेवर निघेल, फक्त आकडे चुकीचे असतील.

म्हणून मी नोंद अशी लिहीन:

> लिनक्सवर पूल किंवा प्रोसेस वापरणाऱ्या आणि स्टार्ट मेथड स्वतः न निवडणाऱ्या प्रोग्रॅमवर याचा परिणाम होतो. मॅकवर 3.8 पासून आणि विंडोजवर आधीपासूनच ‘स्पॉन’ डीफॉल्ट असल्यामुळे तिथे फरक नाही. पालक प्रोसेसमध्ये इम्पोर्टनंतर बदललेली ग्लोबल मूल्यं मुलाला आता दिसत नाहीत. एररशिवाय जुनं किंवा रिकामं मूल्य वापरलं जाऊ शकतं. पिकल होत नसलेली (बाइट्समध्ये रूपांतर करून दुसऱ्या प्रोसेसकडे पाठवता न येणारी) ऑब्जेक्ट्स प्रोसेसला दिली असतील तर मात्र पिकलिंगची एरर येते. मूल्यं पूलच्या ‘इनिशियलायझर’मधून द्या, हा उपाय जुन्या आवृत्त्यांवर आणि सगळ्या प्रणालींवर चालतो. फोर्कच हवा असेल तर ‘गेट_कॉन्टेक्स्ट’ने तो स्पष्टपणे मागा, मात्र थ्रेड वापरणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तो धोकादायक आहे.

नोंद लांबली. लांबू द्या. संपादक म्हणून कोणी ‘थोडक्यात’ लिहायला सांगेल, त्याला नवी फीचर्स कापायला लावा.

या नोंदीत चार गोष्टी आहेत आणि प्रत्येक मूक बदलाच्या, म्हणजे या तिसऱ्या प्रकारच्या, नोंदीत त्या असाव्यात, असा माझा हट्ट असतो. झळ कोणाला बसणार, त्याला ते कळणार कसं, त्याने करायचं काय आणि ते जुन्या आवृत्तीवरही चालेल का. चौथी हमखास गळते. लायब्ररी लिहिणाऱ्याला एकाच वेळी चार-पाच आवृत्त्या सांभाळायच्या असतात. फक्त नव्या आवृत्तीवर चालणारा उपाय त्याला अर्धाच उपयोगी.

‘बहुतेकांना फरक पडणार नाही’ हे वाक्य दिसलं की खोडा. ज्यांना फरक पडत नाही ते हा विभाग उघडतच नाहीत. जो उघडतो त्याचं काहीतरी आधीच बिघडलेलं असतं, आणि त्याला तुम्ही सांगताय की तुझं काही बिघडलेलं नाही.

एरर येत असेल तर तिचा मजकूर जसाच्या तसा द्या. 3.7 पासून जनरेटरच्या आतून निसटलेलं ‘स्टॉपइटरेशन’ हे ‘रनटाइमएरर’ बनून बाहेर येतं. वापरणारा सर्च करताना पेप 479 (पेप म्हणजे पायथनमधला क्रमांकित प्रस्ताव) असं टाकत नाही, स्क्रीनवर आलेली लाल ओळ चिकटवतो. ती ओळ तुमच्या पानावर नसेल तर तुमचं पान त्याला सापडणार नाही.

बदल कधीपासून लागू, हेही वाटतं तितकं सरळ नसतं. गो या भाषेच्या 1.22 आवृत्तीत फॉर लूपचं व्हेरिएबल प्रत्येक फेरीला नवं मिळू लागलं, पण ज्या मॉड्यूलच्या ‘गो.मॉड’ फाइलमध्ये 1.22 किंवा पुढची आवृत्ती लिहिली आहे तिथेच. नुसता कंपायलर बदलून काहीच होत नाही. नोंदीत ही अट राहिली तर वापरणारा कंपायलर बदलतो, सगळं ठीक दिसतं म्हणून निर्धास्त होतो आणि पुढे कधीतरी सहकारी त्या फाइलमधली एक ओळ बदलतो. हा बदल तसा भल्यासाठीच होता. तरीही काही टेस्ट त्यामुळे नापास होऊ लागल्या, कारण समांतर चालणाऱ्या त्या टेस्ट इतके दिवस यादीतली फक्त शेवटची केस पुन्हा पुन्हा तपासत होत्या. ‘तुमची टेस्ट आता नापास झाली तर कदाचित ती आधीच चुकीची होती’ हेही नोंदीत सांगावं लागतं, आणि सौम्य भाषेत सांगावं लागतं.

मूक बदल शोधायचे कसे? बदल करणाऱ्याला विचारून उपयोग नाही, त्याच्या मते त्याने बग दुरुस्त केलेला असतो. टेस्टचा डिफ वाचा. नव्याने लिहिलेल्या टेस्ट म्हणजे फीचर. जुन्या टेस्टमधलं अपेक्षित उत्तर ज्या कमिटने बदललं, तिथे वर्तनबदल आहे, मग कमिटचा मेसेज काहीही म्हणो. मी हा डिफ वेगळा काढते आणि एकेक ओळ बघते. कंटाळवाणं काम आहे, पण याला दुसरा इतका खात्रीचा पर्याय मला माहीत नाही. त्यावर भर म्हणून लोकांच्या लायब्रऱ्या नव्या आवृत्तीवर चालवून बघा. रस्ट भाषावाले ‘क्रेटर’ नावाच्या साधनाने सार्वजनिक क्रेट्सवर (रस्टच्या पॅकेजांवर) कंपायलर चालवून बघतात; फेडोरा या लिनक्स वितरणात पायथनच्या अल्फा आवृत्तीपासूनच पॅकेजं पुन्हा बांधून पाहिली जातात. एवढा पसारा तुमच्याकडे नसेल तर लोकप्रिय अशा डझनभर लायब्रऱ्या घ्या.

क्रियापद जपून निवडा. पायथन 3.6 मध्ये डिक्शनरीतल्या नोंदी भरल्या त्याच क्रमाने मिळू लागल्या, पण दस्तऐवजात साफ लिहिलं होतं की हा अंमलबजावणीचा तपशील आहे, त्यावर विसंबू नका. 3.7 मध्ये तो क्रम भाषेच्या नियमात आला. कोडचं वागणं दोन्हीकडे सारखंच, करार वेगळा. ‘असं होतं’ आणि ‘असं होईलच’ यांत गल्लत केलीत तर तुमच्या एका वाक्यावर लोक दहा वर्षं विसंबतील आणि भाषा तयार करणाऱ्यांना ते वागणं कधीच बदलता येणार नाही.

डेप्रिकेशन, म्हणजे पुढे काढणार असल्याचा आगाऊ इशारा. काय, कधी काढणार, त्याऐवजी काय. पेप 387 नुसार पायथनमध्ये काढण्याआधी किमान दोन आवृत्त्या इशारा द्यावा लागतो. काढण्याची आवृत्ती ठरली नसेल तर ‘लवकरच’ असं लिहू नका, ठरलेली नाही असं लिहा. पर्याय सुचवताना तो हुबेहूब आहे का ते स्वतः चालवून बघा. 3.12 मध्ये ‘यूटीसीनाउ’ डेप्रिकेट झालं आणि त्याऐवजी ‘नाउ’ला यूटीसी द्या असं सुचवलं गेलं. पण जुन्याची वेळ टाइमझोनशिवायची, नव्याची टाइमझोनसह. दोन्हींची लहान-मोठी अशी तुलना केली तर टाइपएरर येते. बरोबरीची तुलना केली तर एरर नाहीच, गुपचूप ‘फॉल्स’ मिळतं. म्हणजे डेप्रिकेशनच्या उपायातच एक मूक बदल दडलेला असतो.

आवृत्तीचे शिक्के. संदर्भ पानांवर प्रत्येक फंक्शनपाशी ‘या आवृत्तीपासून’ असं लिहा. आकडा आधीच घालू नका, ‘पुढची’ असा शिक्का ठेवा आणि रिलीजच्या वेळी स्क्रिप्टला भरू द्या.

वेळापत्रक. पायथनमध्ये मे महिन्यातल्या पहिल्या बीटाला नवी फीचर्स थांबतात आणि ऑक्टोबरमध्ये रिलीज येतं. वर्तनबदलांचा विभाग पहिल्या बीटाबरोबर तयार हवा, कारण बीटा तपासणाऱ्यांना तोच लागतो. बाकीचं पान रिलीज कँडिडेटपर्यंत (रिलीजआधीच्या शेवटच्या चाचणी आवृत्तीपर्यंत) रखडलं तरी चालेल.

रिलीजनंतर पान गोठवू नका. सप्टेंबर 2022 मध्ये पायथनमध्ये सुरक्षेसाठी मजकुरातून पूर्णांक बनवण्यावर, आणि उलटही, 4300 अंकांची मर्यादा आली, तीही 3.10.7 सारख्या दुरुस्ती आवृत्तीत, मागे 3.7.14 पर्यंतच्या शाखांमध्येही ती गेली. अशा वेळी त्या त्या शाखेच्या पानाच्या तळाशी वेगळा मथळा देऊन नोंद टाका आणि नेमक्या सगळ्या आवृत्त्या लिहा. मर्यादा वाढवायची किंवा बंद करायची सोय आहे तीही तिथेच सांगा, कारण तिथवर पोचलेल्या माणसाचा प्रोग्रॅम त्या क्षणी बंद पडलेला असतो.