खरेदीआधी किल्ल्या मोजा: नव्या मुख्याध्यापकांसाठी

शाळेचा चार्ज हातात आला की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी प्रोजेक्टरचं कोटेशन घेऊन येतं. त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. आधी जडसंग्रह नोंदवही, म्हणजे शाळेतल्या टिकाऊ साहित्याची यादी, काढा, शेजारी दहावीच्या चार-पाच मुलांच्या प्रयोगवह्या ठेवा. नोंदवहीतलं साहित्य वह्यांत कुठेच दिसत नसेल, तर नव्या खरेदीने काही हलणार नाही.

दहावीला विज्ञानाचे 40-40 गुणांचे दोन पेपर, वर प्रात्यक्षिकाचे 20 गुण. बहिर्गोल भिंगाचं नाभीय अंतर काढायला भिंग, पांढरा कागद, पट्टी आणि खिडकीबाहेरचं लांबचं झाड एवढं पुरतं. पण वर्गात 60 मुलं आणि भिंगं 6 असली, की दहाजणांतले दोघं प्रयोग करतात, बाकीचे आकडे उतरवून घेतात. आम्ही जोडतास लावला. अर्धा वर्ग प्रयोगशाळेत, अर्धा ग्रंथालयात, दुसऱ्या तासिकेला अदलाबदल. पाचजणांत एक भिंग. ग्रंथालयात बसायला एक शिक्षक मोकळा ठेवावा लागतो. ही कसरत जूनमध्येच करा, ऑगस्टमध्ये कुणी ऐकत नाही.

किल्ल्यांचा विषय किरकोळ वाटतो, पण घोडं इथेच अडतं. कपाटाची किल्ली सरांच्या खिशात आणि सर निवडणुकीच्या कामावर! दुसरी किल्ली कार्यालयात खिळ्याला टांगा. आणि भिंग फुटलं तर शिक्षकाकडून भरपाई मागू नका. एकदा मागितलीत की सगळं साहित्य कायमचं कुलपात गेलंच समजा. रीतसर निर्लेखन करा, म्हणजे फुटलेली वस्तू नोंदवहीतून कमी करा, विषय संपवा.

वेतनेतर अनुदान, म्हणजे पगार सोडून इतर खर्चासाठीचे सरकारी पैसे, येईल तेव्हा येईल, आणि तुटपुंजंच येईल. माझा क्रम ठरलेला आहे: पाणी, मुलींचं स्वच्छतागृह, मग संपणारी रसायनं, रंगरंगोटी सगळ्यात शेवटी. स्वच्छतागृहाला कडी नसेल तर नववीतली मुलगी मधल्या सुट्टीत घरी जाते ती परत येत नाही. हजेरीपटावर हे दिसत नाही, कारण हजेरी सकाळीच होऊन गेलेली असते. सुट्टीनंतर न सांगता वर्गात जा आणि स्वतः डोकी मोजा.

बदली तासांची, म्हणजे गैरहजर शिक्षकाऐवजी दुसऱ्याने घेतलेल्या तासांची, वहीही शनिवारी चाळत जा. एखाद्या तुकडीचा गणिताचाच तास वरचेवर बदलीवर जात असेल, तर पालक दारात येण्याआधी तो तास हलवा.