मुतखड्याची कळ ओळखायची कशी, आणि ती थांबली की काय करायचं

मला मुतखडा चार वेळा झाला. आमच्या अंबाजोगाईकडच्या उन्हाळ्यात घाम जातो, लघवी गडद होते आणि खड्याला तेवढं पुरतं. गावात सगळे बोअरच्या पाण्याला दोष देतात. पाणी कमी पिणं हे त्याहून मोठं कारण आहे.

आधी माणसाकडे बघा. अपेंडिक्स फुटलेला माणूस हालचाल टाळतो, गप पडून राहतो. मुतखड्याचा माणूस बसतो, उठतो, येरझाऱ्या घालतो, त्याला कशातच आराम नसतो. कळ बरगड्यांखाली पाठीच्या एका बाजूला उठते, कुशीतून जांघेत उतरते आणि लाटेसारखी येत-जात राहते. सोबत मळमळ, उलटी. लघवी लालसर दिसते, पण दिसलीच नाही म्हणून खडा नाही असं धरू नका. खडा मूत्राशयाजवळ आला की लघवीला सारखं जावंसं वाटतं आणि घरचे ‘उन्हाळी लागली’ म्हणून धणे-जिऱ्याचं पाणी देत बसतात.

साठीनंतर पहिल्यांदाच अशी कळ आली किंवा बाईची पाळी चुकलेली असेल, तर खडाच आहे असं घरी ठरवू नका. वेगळं आणि जीवघेणं कारण असू शकतं.

कळ चालू असताना घटाघटा पाणी पिऊन खडा ढकलला जात नाही, दुखणं मात्र वाढू शकतं. बिअरचा सल्ला देणाऱ्याचं ऐकू नका. वेदनेची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या. किडनी आधीच कमजोर असेल तर काही गोळ्या तिला आणखी इजा करतात.

आता सगळ्यात फसवी वेळ, कळ थांबल्यानंतरची. दुसऱ्या खेपेला तिसऱ्या दिवशी माझी कळ एकदम गेली. खडा पडला असं मी धरलं आणि उसाला पाणी द्यायला गेलो. दोन महिन्यांनी सोनोग्राफी केली तर खडा मूत्रवाहिनीत (किडनीतून मूत्राशयात लघवी नेणाऱ्या नळीत) जागच्या जागी आणि वरची किडनी सुजलेली. वाट अडून राहिली की किडनी हळूहळू लघवी कमी बनवते, आतला दाब उतरतो आणि दुखणं थांबतं. नुकसान चालूच असतं, आणि वाट पूर्ण अडलेली असेल तर काही आठवड्यांत ते कायमचं होतं. म्हणून खडा हातात येईपर्यंत तो पडला असं म्हणायचं नाही. प्रत्येक वेळी मलमलच्या फडक्यातून लघवी गाळा. सापडला तर डबीत घालून तपासणीला द्या. नाही सापडला तर कळ नसली तरी पुन्हा तपासणी करून घ्याच. मूत्रवाहिनीच्या मधल्या भागातला खडा सोनोग्राफीत अनेकदा दिसत नाही, तिथं सीटी स्कॅन लागतो. 5 मिलिमीटरपेक्षा लहान खडा बहुधा आपोआप पडतो, 10 च्या पुढचा क्वचितच. कुळथाचा काढा प्यायचा तर प्या, पण तपासणीची तारीख त्यासाठी पुढे ढकलू नका.

कळीसोबत हुडहुडी भरून ताप आला, लघवी बंद झाली, एकच किडनी असली किंवा बाई गरोदर असली, तर सकाळची वाट बघू नका. 108 ला फोन करा. अडलेल्या लघवीत जंतू वाढले की ते रक्तात उतरतात आणि माणूस काही तासांत जाऊ शकतो. तिथं डॉक्टर आधी नळी टाकून लघवीला वाट करून देतात, खडा नंतर काढतात.

पुढे दूध-ताक बंद करू नका, मीठ कमी करा. लघवी दिवसाला अडीच लिटर व्हायला हवी. शेतात जाताना मी पाण्याचा कॅन नेतो, आणि तो रिकामा झाल्याशिवाय घरी परतत नाही.